निर्जलीभवन, बालकांतील

शरीरातून बाहेर जाणारे पाणी व त्यात विरघळलेले क्षार यांचे प्रमाण सेवनापेक्षा वाढले म्हणजे जी अवस्था उद्भवते, तिला निर्जलीभवन (शुष्कता) म्हणतात. एक ते तीन वर्षे वयाच्या बालकांत या अवस्थेचे सर्वांत नेहमीचे कारण जुलाब व उलट्या हे होय. सोलापूर व आसपासच्या भागात या विकारास ‘हगवण लागणे’, ‘ढाळ होणे’ किंवा नुसते ‘पोट बिघडणे’ असे म्हणतात. बहुतेक बालकांत हा विकार तीन ते सात दिवसांत आपोआप बरा होतो. आतड्यातील संसर्गामुळे बालक सहसा दगावत नाही. ते दगावते ते शरीरातील पाणी व क्षार कमी झाल्यामुळे. गेलेले पाणी व क्षार वेळीच व योग्य प्रमाणात परत मिळाल्यास शरीर संसर्गाशी स्वतः सामना करू शकते. त्यासाठी लागणारे द्रावण स्वस्त असून ते चमच्याने घरीच पाजता येते.

शरीरक्रियाविज्ञान : जन्मतः अर्भकाच्या वजनाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग पाणी असतो. एक वर्षानंतर हे प्रमाण ६० ते ६५ टक्क्यांवर येते. वजनाच्या मानाने बालकाची पाण्याची गरज प्रौढापेक्षा पुष्कळ अधिक असते. १० किग्रॅ. वजनाच्या बालकास दररोज सुमारे १ लि. द्रव लागतो, म्हणजे दर किग्रॅ.मागे १०० मिलि.; प्रौढात हे प्रमाण ४० मिलि.पेक्षाही कमी असते. बालकाच्या त्वचेचे क्षेत्रफळ वजनाच्या मानाने मोठे असल्यामुळे त्वचेवाटे व श्वासावाटे त्याचे पाणी अधिक जाते. मूत्र दाट करून पाणी राखण्याची वृक्काची (मूत्रपिंडाची) क्षमता सुरुवातीच्या काळात अपुरी असते. शिवाय तहान लागली तरी लहान मूल ते सांगू शकत नाही व उठून पाणी घेऊही शकत नाही.

प्रत्येक पातळ शौचाबरोबर १० किग्रॅ. वजनाच्या बालकाचे साधारणतः ५० ते १०० मिलि. पाणी जाते. दिवसातून दहा वेळा शौचास झाल्यास ही तूट १ लि.पर्यंत पोहोचते. वजनाच्या ५ टक्के (या बालकात अर्धा लि.) पाणी कमी झाल्यावर निर्जलीभवनाची लक्षणे दिसू लागतात. १० टक्के (१ लि.) पाणी कमी झाल्यास रक्ताभिसरण कोलमडण्याचा धोका असतो. लक्षणे प्रथम दिसणे व जीव धोक्यात येणे यांमधील अंतर अशा रीतीने केवळ अर्ध्या लिटरचे असते. जोराचे जुलाब होत असल्यास ते काही तासांतच ओलांडले जाते.

आतड्यातून पाण्याचे शोषण स्वतंत्रपणे होत नाही. विरघळलेल्या पदार्थांच्या, मुख्यतः सोडियमाच्या, शोषणामागोमाग पाणी तर्षणाने आत ओढले जाते. सोडियम आत नेणारे मार्ग अनेक आहेत. संसर्गात त्यांपैकी काही बंद पडतात, परंतु एक महत्त्वाचा मार्ग बहुधा कार्यक्षम राहतो. लघ्वांत्राच्या अस्तरातील कोशिकांवर असलेले एक वाहक प्रथिन सोडियम व ग्लुकोज यांना एकत्रच आत घेते. दोहोंपैकी एक नसल्यास हा मार्ग नीट चालत नाही. अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये प्राग येथे ही कल्पना प्रथम मांडली. जुलाब चालू असतानाही मीठ व साखर योग्य प्रमाणात असलेले पाणी शोषले जाते, त्याचे कारण हेच होय. नुसते पाणी, नुसते मीठ किंवा अतिशय गोड सरबत यांपासून तेवढा लाभ होत नाही. साखर फार झाल्यास आतड्यातील तर्षण दाब वाढून उलट शरीरातीलच पाणी आतड्यात खेचले जाते व जुलाब वाढतात.

कारणे : जठर व आतडी यांचा शोथ (दाहयुक्त सूज) उत्पन्न करणाऱ्या व्हायरसांमध्ये रोटाव्हायरस प्रमुख आहे. मेलबर्न येथे रूथ बिशप व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये तो जुलाब झालेल्या बालकांच्या आतड्यात दाखवून दिला. उलट्या, ताप व पाण्यासारखे जुलाब ही त्याची लक्षणे असून भारतात त्याचा प्रादुर्भाव थंडीच्या महिन्यांत अधिक आढळतो. नोरोव्हायरसामुळेही असाच विकार होतो. एश्चेरिकिया कोलाय या सूक्ष्मजंतूचे काही प्रकार, शिगेला व पटकीचे जंतू यांचा संसर्ग दूषित पाणी व अन्न यांतून होतो. हा संसर्ग उन्हाळा व पावसाळा यांत वाढतो. शौचात रक्त पडल्यास शिगेलासारख्या जंतूंमुळे होणारी आमांशाची शक्यता विचारात घ्यावी लागते. [→ अतिसार, आमांश, पटकी].

सोलापुरातील परिस्थिती : सोलापूर जिल्हा अवर्षणप्रवण आहे. एप्रिल-मे महिन्यांत येथील कमाल तापमान ४०° से.च्या वर जाते. अशा हवेत घामावाटे जाणाऱ्या पाण्याची भर पडल्यामुळे जुलाब झालेल्या बालकाची तूट अधिक लवकर वाढते. सोलापूर शहरास भीमा नदीवरील उजनी धरण, टाकळी येथील योजना व हिप्परगा (एकरुख) तलाव यांतून पाणी मिळते. शहराच्या बऱ्याच भागांत अनेक वर्षे नळाला काही दिवसांआड पाणी येत आले. त्यामुळे पिंप, हंडे, घागरी व हौद यांत पाणी साठविण्याची सवय घरोघर रुजली. नळातून येताना शुद्ध असलेले पाणीही साठवणीत दूषित होऊ शकते. उघडे पिंप, त्यात बुडविला जाणारा हात व तोच पेला पुनःपुन्हा वापरणे ही दूषित होण्याची नेहमीची कारणे होत. साठवणीच्या काळात पाण्यातील क्लोरीनही हळूहळू नाहीसे होते.

सोलापूर हे कापडगिरण्या, यंत्रमाग व विडी-उद्योग यांचे शहर म्हणून प्रसिद्धीस आले. गिरण्या बंद पडल्यानंतरही चादरी व टॉवेल विणण्याचा उद्योग टिकून राहिला. विड्या वळण्याचे काम मुख्यतः स्त्रिया करतात व त्यांतील पुष्कळ जणी ते घरीच करतात. शहराच्या पूर्व भागात व कुंभारी येथील विडी कामगारांच्या वसाहतीत अशी कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. मोबदला विड्यांच्या संख्येवर मिळत असल्यामुळे आजारी बालकाजवळ काही तास बसून राहणे म्हणजे त्या दिवसाच्या मजुरीचा काही भाग गमावणे होय. निर्जलीभवनावरील घरगुती उपचारास द्रव्यापेक्षा माणसाचा वेळच अधिक लागत असल्याने ही बाब दुर्लक्षण्याजोगी नाही. आजी, आजोबा, वडील व मोठी भावंडे यांनी आळीपाळीने पाजल्यास हा भार विभागला जातो. शहरात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड व उर्दू या भाषाही बोलल्या जातात. म्हणून पाजण्याची रीत कुटुंबास त्याच्या भाषेत सांगणे व प्रत्यक्ष करून दाखविणे अगत्याचे ठरते.

लक्षणे : निर्जलीभवनाच्या तीन अवस्था मानल्या जातात.

(१) निर्जलीभवन नसलेली अवस्था : जुलाब होत असले तरी बालक खेळते, नेहमीप्रमाणे पाणी पिते व त्यास लघवी होते.

(२) मध्यम निर्जलीभवन : बालक अस्वस्थ व चिडचिडे होते. डोळे खोल गेल्यासारखे दिसतात. तोंड व जीभ कोरडी पडते, रडताना अश्रू येत नाहीत आणि लघवी कमी व गडद पिवळी होते. पाणी दाखविताच बालक हपापल्यासारखे पिते. पोटावरील त्वचा चिमटीत धरून सोडली असता ती पूर्ववत होण्यास वेळ लागतो.

(३) तीव्र निर्जलीभवन : बालक गळून जाते, झोपाळू राहते किंवा शुद्ध हरपते. त्यास पाणी पिता येत नाही. चिमटीत धरलेली त्वचा पूर्ववत होण्यास दोन सेकंदांहून अधिक वेळ लागतो. हातपाय गार पडतात व नाडी क्षीण होते. ही अवस्था प्राणघातक असते.

दुसऱ्या व तिसऱ्या अवस्थेचे निदान एका लक्षणावरून न करता दोन किंवा अधिक लक्षणांवरून करतात. कुपोषित बालकाची त्वचा एरवीही सैल असते आणि स्थूल बालकात त्वचेखालील चरबीमुळे ती लवकर पूर्ववत होते. म्हणून केवळ त्वचेच्या चाचणीवर विसंबता येत नाही. घरी सर्वांत उपयुक्त खूण लघवीची होय. सहा ते आठ तासांत लघवी न झाल्यास पाणी अपुरे पडत आहे असे समजावे. लंगोट अथवा डायपर वापरत असल्यास पातळ शौच व लघवी यांतील फरक लक्षपूर्वक पाहावा लागतो.

सुमारे दीड वर्षापर्यंत बालकाची टाळू भरून आलेली नसते. निर्जलीभवनात ती खोल जाते. टाळू खोल गेल्यामुळे जुलाब लागतात, अशी एक समजूत आहे व त्यावर टाळू तेलाने भरण्याचा प्रघात आहे. वस्तुतः खोल गेलेली टाळू हे कारण नसून पाणी कमी झाल्याचे लक्षण आहे. तेल लावल्याने अपाय होत नाही; परंतु पाणी पाजण्यास त्यामुळे उशीर झाल्यास तो होतो.

इतिहास : निर्जलीभवनाच्या उपचाराचा इतिहास पटकीच्या साथींशी निगडित आहे. सोलापूर जिल्ह्यातील पंढरपूरच्या यात्रेत एकोणिसाव्या शतकात या रोगाच्या साथी वारंवार उद्भवत व परतणाऱ्या यात्रेकरूंबरोबर त्या दूरवर पसरत. गावोगाव मरीआईचा गाडा वेशीबाहेर नेण्याची प्रथा याच भीतीतून दृढ झाली. त्या काळी पुष्कळ वैद्य व डॉक्टर रुग्णाचे पाणी तोडीत. स्कॉटलंडमधील टॉमस लाटा यांनी १८३२ मध्ये पटकीच्या रुग्णांस नीलेतून क्षारयुक्त पाणी देऊन ते शुद्धीवर आल्याचे दाखविले. परंतु निर्जंतुक द्रव व सुया यांच्या अभावी ही पद्धत दीर्घकाळ मागे पडली. विसाव्या शतकात ती रूढ झाली, तरी तिच्यासाठी रुग्णालय, प्रशिक्षित माणसे व मोठ्या प्रमाणावर निर्जंतुक द्रव लागत असल्यामुळे साथीच्या वेळी ती अपुरीच पडे.

तोंडाने द्रव देण्याचे प्रयत्न भारतात लवकर झाले. कलकत्त्याचे हेमेंद्रनाथ चॅटर्जी यांनी १९५३ मध्ये पटकीच्या सौम्य रुग्णांस मीठ व ग्लुकोज यांचे द्रावण तोंडाने देऊन मिळालेले यश प्रसिद्ध केले. त्याकडे त्या वेळी पुरेसे लक्ष गेले नाही. सोडियम व ग्लुकोज यांच्या एकत्रित शोषणाचे ज्ञान झाल्यावर १९६८ मध्ये डेव्हिड नॅलिन व रिचर्ड कॅश यांनी डाक्का येथे तीव्र पटकीच्या रुग्णांतही या उपचाराची उपयुक्तता सिद्ध केली.

या पद्धतीची खरी कसोटी १९७१ मध्ये लागली. बांगला देशच्या मुक्तियुद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधील बनगाव येथे निर्वासितांच्या छावण्यांत पटकीची साथ पसरली. नीलेतून देण्याचे द्रव संपत आले असता दिलीप महालनबीस यांनी कलकत्त्यात मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज यांच्या पुड्या तयार करवून घेतल्या. त्यांचे द्रावण पिंपांत करून रुग्णांच्या नातेवाइकांकरवी पाजण्यात आले. इतरत्र सुमारे ३० टक्के असलेले मृत्यूचे प्रमाण त्यांच्या देखरेखीखालील रुग्णांत ३.६ टक्क्यांवर आले. अप्रशिक्षित माणसेही हा उपचार सुरक्षितपणे करू शकतात, हे त्यातून प्रथमच मोठ्या प्रमाणावर दिसून आले. लॅन्सेट या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाने १९७८ मध्ये या शोधाची गणना शतकातील सर्वांत महत्त्वाच्या वैद्यकीय प्रगतींत होण्याची शक्यता वर्तविली. महालनबीस २०२२ मध्ये निवर्तले व २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण हा किताब देण्यात आला.

क्षारसंजीवनी : तोंडाने देण्याच्या या द्रावणास महाराष्ट्रात क्षारसंजीवनी किंवा जलसंजीवनी म्हणतात, औषधांच्या दुकानांत त्याची पुडी ‘ओआरएस’ या नावाने मिळते. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी २००२ पासून पुरस्कारिलेल्या सूत्रानुसार १ लि. पाण्यासाठी सोडियम क्लोराइड २.६ ग्रॅ., ग्लुकोज १३.५ ग्रॅ., पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅ. व ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅ. हे घटक असतात. आधीच्या सूत्रात मीठ ३.५ ग्रॅ. व ग्लुकोज २० ग्रॅ. होते. दोन्ही कमी केल्यामुळे द्रावणाचा तर्षण दाब घटला. नव्या द्रावणाने शौचाचे प्रमाण सुमारे २० टक्क्यांनी व उलट्या सुमारे ३० टक्क्यांनी कमी होतात, तसेच नीलेतून द्रव देण्याची गरज सुमारे एक-तृतीयांशाने घटते, असे आढळून आले. पोटॅशियम हे जुलाबावाटे जाणाऱ्या पोटॅशियमाची भरपाई करते, तर सायट्रेट रक्तातील वाढलेली अम्लता कमी करते.

द्रावण तयार करण्यापूर्वी हात साबणाने धुवावे. विड्या वळणाऱ्या व्यक्तीने हातावरील तंबाखू पूर्णपणे धुऊन काढणे आवश्यक आहे. पाणी उकळून गार करून घ्यावे. द्रावण तयार झाल्यावर मात्र ते उकळू नये. पुडी किती पाण्यासाठी आहे ते तिच्यावर वाचावे, कारण १ लि.च्या पुडीप्रमाणे २०० मिलि.च्या लहान पुड्याही मिळतात. घरातील तांब्याचे किंवा पेल्याचे माप निश्चित नसते. म्हणून १ लि.ची बाटली मापासाठी वापरणे श्रेयस्कर असते. संपूर्ण पुडी एकाच वेळी विरघळवावी. अर्धी पुडी अंदाजाने पेलाभर पाण्यात टाकल्यास द्रावण फार खारट होऊन रक्तातील सोडियम धोकादायक प्रमाणात वाढू शकते. याउलट पाणी अधिक घातल्यास द्रावणाचा गुण कमी होतो. त्यात साखर, दूध किंवा सरबत घालू नये. झाकून थंड जागी ठेवलेले द्रावण २४ तासांपर्यंत वापरावे व उरलेले टाकून द्यावे.

पुडी मिळेपर्यंत १ लि. उकळून गार केलेल्या पाण्यात ५ मिलि. मापाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून द्रावण करता येते. ते अश्रूंपेक्षा अधिक खारट लागल्यास टाकून देऊन पुन्हा करावे. या द्रावणात पोटॅशियम नसते व मापात चूक होण्याचा संभव असतो; म्हणून पुडी मिळताच तिचा वापर सुरू करावा.

बाजारात गोड, फळांच्या स्वादाची अनेक पेये क्षारसंजीवनीसारख्या नावाने विकली जात. त्यांत साखर पुष्कळ व सोडियम कमी असे. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खाद्यपेयांच्या नावात ‘ओआरएस’ हा शब्द वापरण्यास मनाई केली. पुडी घेताना तिच्यावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे की नाही हे पाहावे.

पाजण्याची रीत : पहिले पातळ शौच होताच उपचार सुरू करावा, लक्षणांची वाट पाहू नये. दोन वर्षांखालील बालकास प्रत्येक पातळ शौचानंतर ५० ते १०० मिलि. व त्याहून मोठ्या बालकास १०० ते २०० मिलि. द्रावण द्यावे. ते एकदम न देता चमच्याने किंवा वाटीने थोडेथोडे पाजावे. बाटलीने पाजणे टाळावे, कारण बूच व बाटली स्वच्छ राखणे अवघड असते व बालक घाईने पिऊन ओकते.

मध्यम निर्जलीभवनात दर किग्रॅ. वजनास ७५ मिलि. द्रावण चार तासांत देतात. हा उपचार शक्यतो आरोग्य केंद्रात, देखरेखीखाली करावा. १० किग्रॅ. वजनाच्या बालकासाठी हे प्रमाण ७५० मिलि. होते. एकदम पाजण्याच्या दृष्टीने ते फार वाटते. परंतु ५ मिलि.च्या चमच्याने मोजल्यास ते १५० चमचे भरते व चार तासांत २४० मिनिटे असतात. म्हणजे साधारण दीड मिनिटास एक चमचा या गतीने संपूर्ण तूट भरून निघते. घाई न करता, पण खंडही न पडू देता पाजणे हेच या उपचाराचे मर्म होय.

बालकास उलटी झाल्यास पालक बहुधा पाजणे थांबवितात. तसे करणे योग्य नाही. उलटीनंतर सुमारे १० मिनिटे थांबावे व नंतर दोन-तीन मिनिटांस एक चमचा अशा मंद गतीने पुन्हा सुरुवात करावी. उलटीत सर्वच द्रावण बाहेर पडत नाही. काही भाग पुढे सरकून शोषला जातो. द्रावणाने जुलाब लगेच थांबत नाहीत, ही गोष्टही ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. शौचाची संख्या कमी झाली नाही म्हणून उपचार निरुपयोगी ठरला असे समजू नये. बालक हुशारीत आले, तोंड ओले झाले व लघवी होऊ लागली, म्हणजे उपचार लागू पडला असे मानतात. झोपलेले बालक सहज जागे होत असेल, तर त्यास थोड्या वेळाने उठवून पाजावे. जागे करणे कठीण असल्यास चमच्याने पाजू नये, कारण द्रव श्वासमार्गात जाण्याची भीती असते. अशा बालकास तातडीने रुग्णालयात न्यावे.

आहार : पोटास विश्रांती द्यावी म्हणून लंघन करविण्याची किंवा अंगावरचे दूध तोडण्याची रीत बालकास अपायकारक आहे. स्तनपान चालू ठेवावे व अधिक वेळा द्यावे. वरचे दूध घेणाऱ्या बालकास ते पाणी न घालता नेहमीप्रमाणे द्यावे. मऊ भात, मीठ घातलेली भाताची पेज, मुगाच्या डाळीचे वरण, ताक, ज्वारीच्या पिठाची पातळ आंबील व केळे हे पदार्थ या भागात सहज मिळतात व बालकास मानवतात. पेज, वरणाचे पाणी व ताक यांत चवीपुरते मीठ असल्यास ती पूरक द्रव म्हणूनही उपयोगी पडतात. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम पुष्कळ, पण सोडियम थोडे असते; म्हणून ते क्षारसंजीवनीची जागा घेऊ शकत नाही. चहा, बाटलीबंद शीतपेये, नुसत्या ग्लुकोज भुकटीचे पाणी व दाट सरबते वर्ज्य करावी. जुलाब थांबल्यावर दोन आठवडे रोज एक जादा जेवण दिल्यास घटलेले वजन भरून येण्यास मदत होते. वारंवारच्या जुलाबांनी कुपोषण व कुपोषणाने पुन्हा जुलाब हे चक्र आहारानेच तोडावे लागते.

औषधे : जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी २००४ मध्ये क्षारसंजीवनीबरोबर जस्त देण्याची शिफारस केली. सहा महिन्यांवरील बालकास रोज २० मिग्रॅ. जस्ताची गोळी चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात विरघळवून देतात. भारतात हा क्रम १४ दिवसांचा असून दोन ते सहा महिन्यांच्या अर्भकास १० मिग्रॅ. मात्रा देतात. जस्ताने जुलाबाचा कालावधी घटतो व पुढील काही महिने पुन्हा जुलाब होण्याची शक्यता कमी होते. जुलाब थांबले तरी गोळ्यांचा क्रम पूर्ण करावा. पुड्या व गोळ्या अंगणवाडी, आशा कार्यकर्ती व प्राथमिक आरोग्य केंद्र यांच्याकडून विनामूल्य मिळतात.

व्हायरसजन्य जुलाबांवर प्रतिजैव औषधांचा उपयोग होत नाही. रक्ती जुलाब किंवा पटकी यांसारख्या प्रसंगीच ती डॉक्टर देतात. आतड्याची हालचाल मंदावून जुलाब थांबविणारी औषधे लहान मुलांस देऊ नयेत. त्यांनी आतडी फुगतात, गुंगी येते व पाणी आतड्यातच साचत राहून खरी तूट झाकली जाते. बाळघुटीतील जायफळ उगाळून अधिक प्रमाणात दिल्यास बालक गुंगते व निर्जलीभवनाने आलेली ग्लानी ओळखणे कठीण होते.

दात येताना जुलाब होतात, ही समजूतही सर्वत्र आढळते. दात येण्याच्या वयात मूल रांगते व हाती लागेल ते तोंडात घालते; जुलाब होतात ते अशा रीतीने पोटात गेलेल्या जंतूंमुळे. दातांचे म्हणून त्यांकडे दुर्लक्ष केल्यास उपचाराचा मोलाचा काळ वाया जातो.

रुग्णालयीन उपचार : पुढील लक्षणे दिसल्यास बालकास विनाविलंब रुग्णालयात न्यावे : पिता न येणे किंवा प्यालेले सर्व ओकून पडणे, ग्लानी, झटके, सहा ते आठ तास लघवी न होणे, शौचात रक्त, हिरवी उलटी, पोट फुगणे, तीव्र ताप. बालक सहा महिन्यांहून लहान किंवा अतिशय कुपोषित असल्यास जुलाबाच्या सुरुवातीसच डॉक्टरांना दाखवावे. अतिशय कुपोषित बालकास द्रव देण्याचे प्रमाण व गती निराळी असते. वाटेतही, बालक पिऊ शकत असल्यास, द्रावण चमच्याने पाजत राहावे. १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

तीव्र निर्जलीभवनात दर किग्रॅ.मागे १०० मिलि. रिंगर लॅक्टेट हा द्रव नीलेतून देतात. एक वर्षाखालील अर्भकात पहिले ३० मिलि. एका तासात व उरलेले ७० मिलि. पाच तासांत, तर त्याहून मोठ्या बालकात तेच अनुक्रमे अर्धा तास व अडीच तासांत दिले जातात. बालक पिऊ लागताच क्षारसंजीवनी तोंडाने सुरू करतात. सोलापुरात डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न असलेल्या, ‘सिव्हिल’ या नावाने परिचित असलेल्या सर्वोपचार रुग्णालयात ही सोय आहे. ‘सलाईन’ लावल्याशिवाय बालक बरे होत नाही, असा समज रूढ असला तरी पिऊ शकणाऱ्या बहुसंख्य बालकांत तोंडाने दिलेले द्रावण तितकेच परिणामकारक ठरते. शिवाय सुईचे दुखणे व नीलेतील संसर्गाचा धोका टळतो.

प्रतिबंध : पिण्याचे पाणी उकळून किंवा क्लोरीनयुक्त करून वापरणे, ते अरुंद तोंडाच्या अथवा तोटीच्या झाकलेल्या भांड्यात साठविणे व ओगराळ्याने काढणे हे उपाय साठवणीवर अवलंबून असलेल्या घरांत विशेष महत्त्वाचे आहेत. गावातील सार्वजनिक पाण्यात विरंजक चूर्ण (टीसीएल) टाकून नळाच्या शेवटच्या टोकाशी क्लोरीनचा अंश उरतो की नाही हे तपासतात. सामान्यतः लिटरमागे ०.२ मिग्रॅ. अंश असणे आवश्यक मानले जाते. पंढरपूरच्या आषाढी वारीत पालखीमार्गावरील विहिरी व टँकर यांचे अशाच रीतीने शुद्धीकरण केले जाते. शौचानंतर, बालकाचे शौच आवरल्यानंतर व त्यास भरविण्यापूर्वी साबणाने हात धुण्याने जुलाबांचे प्रमाण लक्षणीय घटते. बालकाचे शौच निरुपद्रवी असते ही समजूत चुकीची आहे. तेही शौचकूपातच टाकावे.

पहिले सहा महिने केवळ स्तनपान हा अर्भकास सर्वांत प्रभावी संरक्षक उपाय होय. रोटाव्हायरसावरील लस भारताच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात २०१६ पासून टप्प्याटप्प्याने व महाराष्ट्रात २०१९ मध्ये समाविष्ट झाली. ती वयाच्या ६, १० व १४ व्या आठवड्यांत तोंडाने देतात. या लसीने रोटाव्हायरसाचा तीव्र आजार पुष्कळ अंशी टळतो. मात्र इतर जंतूंचे जुलाब तिने टळत नाहीत. त्यामुळे लहान मूल असलेल्या प्रत्येक घरात क्षारसंजीवनीच्या दोन पुड्या, ५ मिलि.चा चमचा व १ लि.चे माप तयार असणे आणि पाजण्याची रीत घरातील एकाहून अधिक माणसांस ठाऊक असणे आवश्यक आहे.